पिवळं ग्रीस

जळगावात कपडे वाळवायला यंत्र कशाला लागतं, असं मला अनेकांनी विचारलं आहे. प्रश्न बरोबर आहे. मे महिन्यात आमच्याकडे दोरीवर शेवटचा कपडा टाकून होईपर्यंत पहिला कडक झालेला असतो. तरीही मी कामाला लागले त्या वर्षांत दोन टबांची मशिनं घराघरांत आली. एका टबात धुणं, शेजारच्या लहान टबात पिळणं. त्या लहान टबाला सगळे ड्रायर म्हणू लागले. खरं तर तो वाळवत काही नाही, तो कपडे इतक्या जोरात फिरवतो की पाणी आपणहून त्यांना सोडून निघून जातं. तेव्हापासून मी त्या लहान टबाच्या बुडाशी असलेलं रबराचं सील बदलत आले आहे. बाकीची दुरुस्तीही केली, पण डोळे मिटले की समोर येतं ते हेच काम.

सील म्हणजे लहान मुलीच्या बांगडीएवढी रबराची वस्तू. ड्रायरचा टब एका लोखंडी दांड्यावर उभा असतो. तो दांडा बुडाच्या भोकातून खाली मोटरपर्यंत जातो. वर पाणी, खाली वीज, आणि दोघांच्या मधे फक्त हे रबर. त्याला आतून एक पातळ ओठ असतो. दांडा गरगर फिरतो आणि तो ओठ त्याला हलकेच धरून राहतो. झिजला की थेंब थेंब पाणी मोटरवर पडू लागतं. आधी आवाज बदलतो. रातकिड्यासारखी किरकिर, मग झोपेत बरळणाऱ्या माणसासारखी गुरगुर, आणि एक दिवस जळका वास येऊन सगळं शांत.

बदलायचं कसं, तेही अवघड नाही. मागचा पत्रा काढायचा, दांड्याचा बोल्ट सैल करायचा, टब वर उचलून घ्यायचा, जुनं सील ओढून काढायचं. आमच्या पाण्यात क्षार फार. दांड्यावर त्यांचं खरखरीत कडं बसलेलं असतं. ते पॉलिश पेपरने आरशासारखं करायचं, नाहीतर नवं सील महिन्याभरात कापलं जातं. घाईतले मिस्त्री हेच विसरतात. मग नवं सील बसवायचं, खाली जुनं वर्तमानपत्र पसरायचं, टबात अर्धी बादली पाणी ओतायचं आणि बघत बसायचं. कागदावर थेंब पडतो का, ते बघण्याची पंधरा मिनिटं मला फार आवडायची. दुपारची वेळ, घर जेवून आडवं झालेलं, न्हाणीघराच्या झरोक्यातून उन्हाची एक पट्टी आलेली. मी पेचकसाचं टोक मशिनाच्या अंगाला लावायचे आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकवायचे. आतलं सगळं ऐकू यायचं. कधी कधी वाटायचं, मशीन नाही, मी ते घरच ऐकते आहे.

मी या कामात आले ते कोणी ठरवून नाही. पप्पांचं जळगावात पंखे आणि मिक्सरचं दुकान होतं. नंतर ते एका कंपनीची मशिनं विकू लागले आणि दुरुस्तीचं कामही त्यांच्याकडे आलं. मशिनांबरोबर इंग्रजी पुस्तकं आली. आमच्या दोन्ही मिस्त्र्यांना ती वाचता येईनात. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. दोन्ही भाषांत सारखीच कमी बोलणारी. मी वाचून दाखवायचे, ते करायचे. मग कधीतरी वाचून दाखवण्यापेक्षा स्वतः करणं सोपं वाटू लागलं. शिवाय मशीन असतं न्हाणीघरात किंवा स्वयंपाकघराच्या मागे. व्यापारी घरांत मिस्त्री आला की डोक्यावरून पदर घेतलेल्या सुना आत जात. त्याने विचारावं, "आवाज कधीपासून येतोय?" आणि उत्तर द्यावं सासूने, जिने मशिनाला कधी हात लावलेला नाही. मी गेले की सुनाच सांगत. डोकं मशिनात घातलं की मला कोणाशी बोलावं लागत नसे, आणि माझी पाठ बघत बायका पुष्कळ बोलत.

धुळ्याला एक अक्का होत्या, ऐंशीच्या घरातल्या. त्यांच्या ड्रायरची किरकिर ऐकून मुलाने आम्हाला बोलावलं. मी सील आणि खालचं बेअरिंग बदललं, मशीन अगदी मऊ चालू लागलं. आठ दिवसांनी पुन्हा बोलावणं आलं. अक्का मशिनाशेजारी पाटावर बसलेल्या.

"आते आवाजच येत नही, माय," त्या म्हणाल्या. "दुपारले माले झोप कशी लागी? तेच जुनं लाई दे."

"आईचं मनावर घेऊ नका," मुलगा मला म्हणाला.

"तू चूप बस. तू हापिसात झोपस, माले माहीत शे."

जुनं सील काही मी लावणार नव्हते. मी मागच्या पत्र्याचा एक स्क्रू अर्धा फेरा सैल केला. पत्रा गुणगुणायला लागला. हत्यारं पिशवीत भरून होईपर्यंत अक्कांची मान भिंतीला टेकलेली होती. कंपनीच्या पुस्तकात हा उपाय नाही.

पण मला सांगायचं आहे ते सावद्याचं.

सावद्याला जायचं म्हणजे एसटीने भुसावळ, तिथून फैजपूर, मग सावदा. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा. त्या रस्त्यावर गाडीत हिरवा उजेड भरायचा आणि मला पाण्याखालून चालल्यासारखं वाटायचं. डोळे उघडे असूनही मी अर्धवट झोपेत असायचे. मशीन ज्यांच्या नावावर होतं ते आबा जुने केळी-बागायतदार. त्यांची केळी रेल्वेच्या वॅगनने दिल्लीला जात. मुलगा दिवसभर बागेत. सासूबाई नव्हत्या. घरात आबा आणि सून, सुमनवहिनी. नाव मी बदललं आहे.

त्यांच्या ड्रायरचं सील चौथ्या महिन्यातच गेलं. क्षारांमुळे असेल, म्हणून मी दांडा नेहमीपेक्षा जास्त घासला. दुसरं तीन महिन्यांत गेलं. काढलं तर काळं, चिकट, फुगलेलं. खानदेशात वाढलेल्या कोणालाही तो काळा रंग ओळखू येईल. केळीचा चीक. कपड्याला लागला की कपडा फाटतो पण डाग जात नाही. मला वाटलं, बागेतल्या कामाचे शर्ट असतील. ते वेगळे धुवा, असं मी वहिनींना सांगितलं. त्यांनी मान हलवली.

दुकानात आल्यावर पप्पांनी ते फुगलेलं सील बोटांत दाबून बघितलं.

"ग्रीस कोणतं लावलं होतंस?"

"पांढरंच."

त्यांनी सील टेबलावर ठेवलं. सीलच्या ओठाला थोडं ग्रीस भरावं लागतं, पण ते पांढरं, रबरासाठीचं. गॅरेजमध्ये मिळतं ते पिवळं पेट्रोलच्या जातीचं. रबर ते पितं, फुगतं आणि चिकट होतं. कामाच्या पहिल्याच दिवशी शिकायची गोष्ट आहे ही. आमच्या मिस्त्र्यांना ती मीच पुस्तकातून वाचून शिकवली होती.

तिसऱ्या वेळी गेले तेव्हा थंडीचे दिवस होते. आबा बागेत गेलेले. मी टब वर उचलला. तो ज्यात फिरतो त्या बाहेरच्या टबाच्या भिंतीला काहीतरी चिकटलं होतं, गोल, कागदासारखं पातळ. साबणाचा पापुद्रा असेल म्हणून मी नखाने सोडवलं आणि झरोक्याच्या उजेडात धरलं. मधोमध तीन बारीक ठिपके. कच्च्या केळ्याची चकती होती ती.

मी ती तळहातावर ठेवून बसून राहिले. वहिनी दारात उभ्या होत्या.

"दिसलं ना," त्या म्हणाल्या.

मी काही बोलले नाही. बहुतेक म्हणूनच त्यांनी सांगितलं.

व्यापारी घड निवडून नेतो तेव्हा बारक्या फण्या मागे राहतात. त्या वहिनी घरी आणत. चकत्या करून मिठाच्या पाण्यात टाकत. ओल्या चकत्या तळल्या तर तेल उडतं आणि त्या मऊ पडतात. म्हणून उशीच्या खोळीत बांधून दोन मिनिटं ड्रायरमध्ये फिरवायच्या. पार कोरड्या निघत. दुपारी तळून पुड्या भरायच्या. भुसावळला त्यांचा भाऊ होता, तो त्या पुड्या स्टेशनजवळच्या दुकानांत ठेवत असे. पुडीवर नाव नाही.

"खोळ उकळलेली असते बरं, ताई. रोज."

"उन्हात वाळवल्या तर?" मी विचारलं. माझा तो त्या दिवसातला एकच प्रश्न.

"उन्हातच वाळवायच्या असत्या तर मशीन कशाले लागली असती? गच्चीवर टाकलं का गावाले दिसते. आबाले दिसते."

शेजारच्या एका बाईने पापड विकायला सुरुवात केली, तेव्हा आबा ओट्यावर बसून म्हणाले होते, त्या घरचे पुरुष काय हात बांधून बसले का. वहिनी तेव्हा त्यांना चहा देत होत्या.

"तुम्ही म्हनाल तर बंद करते," त्या म्हणाल्या. "मशीन तुमचीच खराब होऊन राहिली. पन मंग दिवसभर मी काय केलं, ते मलेच सांगता नाही येनार."

त्यांनी एक पुडी माझ्या पिशवीत टाकली. मी चीक कमी करण्यासाठी चकत्या ताकाच्या पाण्यात ठेवून बघा, खोळ दुहेरी करा, एवढं सांगितलं आणि नवं सील बसवलं. परतीच्या गाडीत पुडी उघडली. पातळ, पिवळ्या, कुरकुरीत. हिरव्या उजेडात बसून मी त्या सगळ्या संपवल्या आणि कागद खिडकीतून सोडून दिला. पुरावा नको, असा विचार तेव्हा केला होता की नाही, आठवत नाही.

गॅरंटीच्या काळात एकाच घरात तीन सीलं गेली, हे कंपनीच्या नजरेत आलं. नाशिकहून साहेब स्वतः बघायला येणार, असं पत्र आलं. पप्पांनी मला समोर बसवून सांगितलं.

"दोनच गोष्टी निघू शकतात. वापरणाऱ्याची चूक निघाली तर गॅरंटी रद्द, आणि तसं पत्र मालकाच्या नावाने जाणार. आपली चूक निघाली तर तुझं बाहेर जाणं बंद. साहेबांना मुलगी मिस्त्री आहे हे आधीच पटलेलं नाही."

"हो."

"तुला काही माहीत आहे का?"

मी नाही म्हटलं. पत्र आबांच्या नावाने जाणार. त्यात चकत्यांचं नाव असणार. पत्र आलं की ओट्यावर चारचौघांत मोठ्याने वाचून घ्यायची आबांची पद्धत होती. दुकानात बसून मी हे पुन्हा पुन्हा बघत होते, समोर पंखे फिरत होते. मधूनच मी हातात पिशवी घेऊन त्या हिरव्या रस्त्याने निघालेली असायचे, आणि गिऱ्हाईक दोनदा हाक मारायचं तेव्हा परत यायचे.

साहेब आले तेव्हा पप्पा आणि मी बरोबर होतो. आबांनी न्हाणीघरासमोर खाट टाकून घेतली होती. साहेबांनी सील माझ्याकडून काढून घेतलं, पण बोलणं सगळं पप्पांशी. हे चौथं सील होतं. बसवून दोन महिनेही झाले नव्हते, पण तेही काळं पडू लागलेलं. त्यांनी ते दाबलं, वास घेतला.

"आबासाहेब, ड्रायरमध्ये कपड्यांशिवाय दुसरं काही घालतात का घरात?"

"मंग काय आता केयी वायवतो का मी त्यात?" आबा म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर मोठ्याने हसले. त्यांच्या बोलीत केळीची केयी होते. पप्पा हसले. साहेबही हसले.

दारामागे चहाचे कप एकमेकांवर वाजले आणि थांबले.

"नाही, पण हे रबर असं उगाच फुगत नाही," साहेब म्हणाले. "काहीतरी लागलेलं आहे. मी हे नाशिकला तपासायला नेतो."

तपासलं असतं तर चीक निघाला असता. माझ्या आवाजाची मलाच ओळख नव्हती, म्हणून बोलले तेव्हा दुसरंच कोणी बोलतंय असं वाटलं.

"सर, मी पिवळं ग्रीस लावलं होतं."

साहेबांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी."

"पुस्तकात काय लिहिलंय?"

"पांढरं."

"मग?"

"विसरले."

त्यांना हवं होतं ते उत्तर मिळालं होतं. सील त्यांनी कोपऱ्यात टाकून दिलं आणि कागदावर लिहायला घेतलं. आबांना माझी दया आली. "पोरगी आहे, साहेब. शिकंन."

"शिकायचं गिऱ्हाइकाच्या घरी नसतं," साहेब म्हणाले. तेही बरोबरच होतं.

चहा आला. वहिनींनी कप माझ्या हातात दिला तेव्हा वर बघितलं नाही, मीही नाही.

परतताना गाडीत पप्पा खिडकीशी बसले. फैजपूर गेलं. बराच वेळ केळीची पानं मागे सरकत राहिली.

"आपल्या दुकानात पिवळं ग्रीस कधीपासून यायला लागलं?" त्यांनी बाहेर बघतच विचारलं.

मी मांडीवरच्या पिशवीचं तोंड पुन्हा बांधलं.

"बरं," ते म्हणाले. त्याबद्दल त्यांनी पुढे कधीच विचारलं नाही.

त्या दिवसानंतर दीड वर्ष मी दुकानात बसले. घरांतून निरोप यायचे, बाईला पाठवा. मिस्त्रीच जायचे. दांडा घासायचा ते त्यांनी पुन्हा सोडून दिलं. धुळ्यातल्या एका घरात तसंच सील बसवलं आणि पुढच्या महिन्यात मोटर जळाली. तिथे एक सून दोन लहान मुलांचे कपडे हाताने पिळत राहिली. मी गेले असते तर पेचकस कानाला लावल्यावर ते कळलं असतं. सावद्याच्या एका घरासाठी मी खोटं बोलले, त्याची झळ भलत्याच घराला लागली. याचं मला वाईट वाटतं. तरी पुन्हा ती दुपार आली तर मी काय करीन, हे मला माहीत आहे.

सावद्याहून मधूनमधून पोस्टकार्ड यायचं. मशीन ठीक आहे. एवढंच वाक्य. ताकाचं पाणी आणि दुहेरी खोळ वहिनींनी त्या दिवसानंतर मनावर घेतली असावी, कारण साहेबांसमोर बसवलेलं पाचवं सील गॅरंटी संपेपर्यंत टिकलं. ज्या आठवड्यात ती संपली, त्या आठवड्यात पप्पांनी खुंटीवरचं एक नवं सील काढलं, माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, "आता ते मशीन कंपनीचं नाही. सावद्याला जाऊन ये."

तिथून माझं काम पुन्हा सुरू झालं. गॅरंटी संपलेली मशिनं माझी आणि गॅरंटीतली मिस्त्र्यांची, अशी वाटणी आजही आहे. कंपनीच्या कागदांत माझ्या नावापुढे चुकीच्या ग्रीसचा तो शेरा तसाच आहे. या कामात मी खऱ्या चुकाही केल्या, त्यांची नोंद कुठेच नाही.

मासिकाच्या या अंकासाठी लिहायचं ठरलं तेव्हा मी आधी सावद्याला गेले. विचारल्याशिवाय हे लिहिणं बरं नव्हतं. घराच्या पुढच्या खोलीला आता रस्त्याकडे दार आहे आणि दारावर पाटी आहे. आबांना सगळं कधी आणि कसं कळलं, ते वहिनींनी मला एका वाक्यात सांगितलं. तळणाचा वास धोतराला लागतो, आणि आबा काही बहिरे नाहीत, नाकाचे तर मुळीच नाहीत. सहा महिने ते वहिनींशी बोलले नव्हते. आता संध्याकाळी तेच दुकानात बसतात आणि मीठ कमी आहे म्हणून तक्रार करतात. चकत्या वहिनी गच्चीवर वाळवत नाहीत. ड्रायरच्याच चांगल्या होतात म्हणतात. त्यासाठी एक जुनं मशीन मी त्यांना वेगळं काढून दिलं आहे, आणि आता काम वाढलं आहे म्हणून त्याचं सील दर चार महिन्यांनी बदलते.

लिहू का, असं मी विचारलं तेव्हा त्या पुड्या चिकटवत होत्या. ड्रायर आत फिरत होता. आम्ही दोघींनी त्याचा आवाज थांबेपर्यंत ऐकला.

"लिहा," त्या म्हणाल्या. "आबाचंबी लिहा. पन चकत्या उकळलेल्या खोळीत बांधूनच घालत होती, हे पहिले लिहा. नाहीतर लोक म्हनतील, ही बाई धुन्याच्या मशिनीत वेफर करत व्हती."

पहिले लिहायचं राहून गेलं, म्हणून शेवटी लिहिते. खोळ रोज उकळलेली असायची. मी स्वतः बघितली आहे.